विसावं खोगीर

३ फेब्रुवारी

आत्येबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू म्हणाली असशील, कोंबडी शाईत पाय बुडवून चाललीय. कोंबडी मीच. जिवंत आहे. फोन घोड्यांच्या पाण्याच्या हौदात पडला, तेव्हापासून मी सुखात आहे आणि जे काय सांगायचं ते कागदावर.

हो, घोड्यांच्या. मागच्या वेळी कळवलं तेव्हा मी बेकरीत होते ना, ते संपलं. मग एका ट्रकवाल्या काकांबरोबर (त्यांची बायको मध्ये बसली होती, भुवया खाली घे) इथवर आले. इथे घोडेस्वारी शिकवणारी एक जुनी शाळा आहे. मी फाटकाशी पाणी मागायला थांबले, तर आतून एक घोडं मोकळं सुटून आलं. मी त्याचा लगाम धरला. धरला म्हणजे ते माझ्या पिशवीतला पाव खायला थांबलं, पण लांबून बघणाऱ्याला शौर्य वाटलं. असं मला काम मिळालं.

काम ऐक. शाळेला नवे व्यवस्थापक आलेत. त्यांच्या पँटची घडी इतकी कडक असते की तिने सफरचंद चिरता येईल, म्हणून मी त्यांना मनात इस्त्रीसाहेब म्हणते. त्यांनी शाळेतली वीस जुनी खोगिरं रंगवायला काढलीत. शिवण शाबूत, सांगाडे भक्कम, पण रंग! एकाचा एकाला पत्ता नाही. एक मुळात काळं असणार, त्यावर आता हिरवट झाक आलीय. एक धुतलेल्या विटेसारखं गुलाबी. एकावर दोन्हीकडे गुडघे घासून फिक्या चंद्रकोरी उमटल्यात. एक तर आल्यासारखं पिवळट. आणि विसावं, खिडकीशी वेगळ्या घोडीवर ठेवलेलं (लाकडाच्या घोडीवर, खऱ्या नव्हे), ते निळं आहे. निळं म्हणजे कबुतराच्या मानेसारखं, एकदा राखाडी एकदा निळं. मी अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले. तेवढ्यात खऱ्या घोडीने माझ्या बुटाची नाडी सोडली. तिला गाठी सोडायचा नाद आहे.

तर पंधरा मार्चला शाळा नव्याने उघडायची आणि तोवर विसाच्या वीस एकसारखी गडद तपकिरी व्हायला हवीत. साहेबांनी विचारलं, "कातड्याच्या कामातलं काही कळतं का?" मी म्हटलं, माझी आत्या खोगिरं बनवते. ते म्हणाले, "म्हणजे रक्तातच आहे." मी मान हलवली.

आत्ये, तू मला तीन वर्षं शिकवत होतीस आणि मी तीन वर्षं खिडकीबाहेर बघत होते. तपकिरी रंग कसा देतात?

तुझी उंडगी,
भिंगरी

*

७ फेब्रुवारी

भिंगरीस, हे पोचेपर्यंत तिथेच असशील तर,

कोंबडीचं अक्षर बरं असतं. तिला निदान ओळ कळते.

रक्तात आहे म्हणे! तुझ्या रक्तात फक्त रस्ता आहे. तुझा बाप म्हणाला, "पोरगी अखेर घराण्याच्या धंद्याकडे वळली." मी म्हटलं, वळली नाही, पाय अडकून पडली. पण रात्रभर हसू येत होतं, ते एक असो.

आता कान इकडे कर. आधी प्रत्येक खोगीर ओल्या फडक्याने आणि साबणाने पुसायचं. पुसायचं, धुवायचं नाही. ते सावलीत वाळवायचं. चुलीपाशी ठेवलंस तर पापड होईल. सोबत अक्रोडाच्या सालीचा रंग पाठवतेय, डब्यावर 'खाऊ नये' असं लिहिलंय, ते तुझ्याचसाठी. सुती बोळ्याने गोल गोल हात फिरवत लावायचा, पातळ, दोन वेळा. मध्ये एक दिवस जाऊ दे. मग तेल, मग मेण. एकदा चढलेला रंग पुन्हा उतरत नाही, म्हणून आधी कुठेतरी आतल्या बाजूला लावून बघ.

बाकी काळ्याचं हिरवं होतं ते लोखंडाच्या पाण्याने दिलेल्या काळ्याचं. स्वस्तातलं काम. विटकरी गुलाबी म्हणजे तांबडं होतं आणि घोड्याच्या घामाने खाल्लं. गुडघ्याच्या चंद्रकोरींवर शहाण्याने हसू नये, तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं नीट बसलंय. आल्यासारखं पिवळट म्हणतेस ते मूळचंच तसं असेल, काहीच रंग न दिलेलं. त्याला तपकिरी करताना मला दुःख होईल, तुला होणार नाही.

निळं मात्र कुणी करत नाही. आमच्याकडे तर कधीच झालं नाही. तुझे डोळे तपासून घे. सहज विचारते, त्याच्या शिवणीचे टाके कुठल्या बाजूला कललेत? आणि ते खिडकीशी का ठेवलंय?

जेवतेस ना वेळेवर?

आत्या

*

१२ फेब्रुवारी

आत्ये,

डबा पोचला. 'खाऊ नये' वाचून इथल्या मोतद्दाराने विचारलं, "तुमच्या घरी आधी कुणी खाल्लाय का?" मोतद्दार म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस. उंच आहे, कमी बोलतो, घोड्यांना 'अहो' म्हणतो. "अहो, जरा पाय उचला." आणि ते उचलतात! मला कुणी 'अहो' म्हटलं तर मीसुद्धा उचलीन. काल त्याने मला खरारा करायला शिकवलं, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासायचं, मानेपासून मागे. त्यात दुपार गेली. मग शिंगराने बादली पालथी घातली. मग संध्याकाळ.

खोगिरं? हो. पाच झाली. तू म्हणालीस तसंच केलं, फक्त पहिलं मी धुतलं. त्याचा पापड नाही झाला, पुरी झाली. मोतद्दाराने तेल चोळून ते सपाट केलं. साहेब म्हणाले, "उत्तम, अगदी ओळखू येत नाहीत." मला ते कौतुक वाटलं आणि मग वाटेना.

तुझे प्रश्न. निळ्याचे टाके मी नीट बघितले. बाकी सगळ्या खोगिरांचे टाके एका बाजूला झुकलेत आणि याचे नेमके उलट्या बाजूला, जशी सगळी माणसं वाऱ्याच्या दिशेने चाललीत आणि एकटी बाई उलटी. मोतद्दार म्हणाला, "शिवणारा डावखुरा असणार."

खिडकीशी का, ते मोतद्दारालाही ठाऊक नाही. ते खोगीर इथल्या जुन्या शिक्षिकेचं आहे. सगळे तिला रिंगणबाई म्हणतात, कारण सदतीस वर्षं ती गोल रिंगणाच्या मधोमध उभी राहून मुलांवर ओरडत आलीय. आता गुडघे गेलेत, तरी रोज सकाळी काठी टेकत येते, निळ्यावर एकदा हात फिरवते आणि जाते. सध्या दहा दिवसांसाठी बहिणीकडे गेलीय. तिला रंगवण्याचं सांगितलंय का, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "यादीत आहे ना? मग झालं."

तू डोळे तपासायला सांगितलेस. तपासले. निळंच आहे. तुला इतकं काय पडलंय त्याचं?

भिंगरी

*

१५ फेब्रुवारी

(पोस्टकार्ड)

भिंगरीस,

ते विसावं आधी घे. दोन हात नाही, तीन दे. गडद. त्या बाई बहिणीकडून परतायच्या आत उरक. बघत बसू नकोस. कारण विचारू नकोस, रंगाच्या कामात घाई करायची असते.

आत्या

*

२० फेब्रुवारी

आत्ये,

रंगाच्या कामात घाई करायची असते? सात तारखेला तूच लिहिलंस, 'मध्ये एक दिवस जाऊ दे.' आणि पोस्टकार्ड? तुझं पत्र म्हणजे कमीत कमी दोन पानं टोमणे. पाच ओळी आल्या तेव्हाच मी मोतद्दाराला म्हटलं, आमच्या आत्येचं कुठेतरी घोडं अडलंय.

तरी मी ऐकलं, हा माझा मूर्खपणा. काल सकाळी निळं समोर घेतलं. आतल्या बाजूला लावून बघायचं विसरले. (शिंगरू आलं होतं.) डावीकडचं पान, म्हणजे बसणाऱ्याच्या पायाखाली येतो तो कातड्याचा मोठा तुकडा, त्यावर थेट बोळा टेकवला आणि तळव्याएवढा हात फिरवला.

मागून काठी आली. माझ्या मनगटावर, हळूच, पण आली. रिंगणबाई दोन दिवस आधीच परतली होती.

"काय करतेयस?"

"तपकिरी," मी म्हटलं.

"का?"

"यादीत आहे."

ती ओरडली असती तर चाललं असतं. ती खाली बसली, दाण्याच्या पेटीवर, आणि त्या डागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे खोगीर कुणी बनवलं माहितीय तुला? मलाही नाही. पण त्याच्यासारखा कारागीर मी पाहिला नाही. त्याने मला हिरवं दिलं होतं. कोवळ्या पानासारखं हिरवं. लोक हसले. आणि मग ते हळूहळू निळं व्हायला लागलं, दर वर्षी थोडं थोडं. त्याने रंगाच्या आत रंग लपवून ठेवला होता. मी प्रत्येक नव्या मुलाला दाखवत आलेय. घाई करू नका, म्हणते, या खोगिराकडे बघा, चांगली गोष्ट आपल्या वेळेने येते."

मी म्हटलं, हिरवं कसं असेल, हे तर निळं. तर तिने काठीने ते खोगीर फिरवायला लावलं. आत्ये, उजवी बाजू हिरवी आहे! फिकी, जुनी, पण हिरवी. घोड्यावर डावीकडून चढतात, म्हणून इथे सगळे डावीकडूनच येतात, आणि मी अठरा दिवस एका बाजूनेच बघत होते. बाई म्हणाली, "डावी बाजू पूर्ण झाली. उजवी अजून शिकतेय."

मग मी उजवं पान उचललं. खाली शिक्का आहे. दिव्याची छोटी खूण आणि खाली दोन रेघा. आपल्या दुकानाच्या दारावर आहे तीच.

टाके उलटे. शिवणारा डावखुरा. आपल्याकडे चमचा डाव्या हातात कोण धरतं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का गं?

मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. आधी तू बोल. आणि तो डाग कसा काढू ते सांग, मला जेवण जात नाहीये. (थोडं जातं.)

भिंगरी

*

२४ फेब्रुवारी

भिंगरी,

डाग आधी. कोऱ्या सुती फडक्याला थोडं स्पिरिट लाव आणि टिप. चोळू नकोस, टिप. फडकं बदलत राहा. सगळा जाणार नाही. कडा मऊ होतील एवढंच. ही चूक तुझी कमी आणि माझी जास्त आहे, तेव्हा पोटभर जेव.

आता तुला हवंय ते. हो, मीच.

एकोणीस वर्षांची होते. तुझ्या आजोबांनी तोवर मला फक्त पट्टे आणि घोड्याच्या पोटाखालून आवळायचे तंग शिवायला दिलेले. कुणी एक तरुण शिक्षिका खोगीर सांगून गेली, तेव्हा मी घरात नव्हते, मी तिला कधी पाहिलंसुद्धा नाही. आजोबा आजारी पडले आणि मी म्हटलं, हे मी करते. सांगाडा, गादी, शिवण, सगळं मी. आणि रंगाला आले तेव्हा मला तपकिरीचा कंटाळा आला. तुझ्यासारखीच होते, फक्त माझ्या पायाला भिंगरी नव्हती, डोक्याला होती. निळीचे दोन हात दिले आणि वरून हळदीचा काढा. असं हिरवं उतरलं की मी ते उशाशी घेऊन झोपले.

हळद उन्हात उडते हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मला कळलं नाही. म्हणजे कळत होतं, पण आपल्या हातची उडणार नाही असं वाटलं.

सहा महिन्यांनी एक गिऱ्हाईक सांगत आलं, तुमच्याकडचं हिरवं खोगीर म्हणे निळं पडत चाललंय, पट्टे पट्टे. दुकानात चार माणसं होती. आजोबा ओरडले नाहीत. ते हसले. म्हणाले, "हिरवं होतं तेव्हाच घोड्याला चारायचं होतं." सगळे हसले. मीसुद्धा हसले, काय करणार. त्यानंतर आजतागायत या हाताने तपकिरी आणि काळ्याशिवाय रंग लावलेला नाही. तू विचारायचीस ना, आत्ये, तुला तांबडं का आवडत नाही? आवडतं.

मला वाटायचं, त्या बाईने ते कधीच फेकून दिलं असेल. तू निळं लिहिलंस तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. टाके कळले तेव्हा खात्री पटली. झाकून टाकावं असं वाटलं, म्हणून तुला पळवलं. सोळा वर्षांच्या मुलीसारखं वागले. पंचावन्नाव्या वर्षी.

आता तिला खरं सांग. 'रंगाच्या आत रंग' वगैरे काही नाही, हळद होती. कुणी मला न केलेल्या हुशारीचं श्रेय द्यावं हे सोसत नाही. हसली तर हसू दे. त्या हसण्याची मला सवय आहे.

आत्या

ता. क. : त्या 'अहो' म्हणणाऱ्याबद्दल तू तीन पत्रांत जेवढं लिहिलंयस तेवढं खोगिरांबद्दल लिहिलं असतंस तर आतापर्यंत कारागीर झाली असतीस.

*

१ मार्च

आत्ये,

मोतद्दाराबद्दल मी दोनच पत्रांत लिहिलंय. पहिल्यात तो नव्हता. मोजायचं तर नीट मोज.

डाग टिपला. अकरा फडकी लागली. आता अंगठ्याएवढा उरलाय, कडा मऊ, जणू कुणी चहाचा कप टेकवून उचलला. बाकी अठरा झाली, कबूल करते, तपकिरी त्यांना शोभतंय. फक्त आल्यासारखं पिवळट राहिलंय, त्याला हात लावताना तू आठवतेस, मग मी घोड्यांना पाणी पाजायला जाते.

बाईला मी सांगायला गेले होते. खरंच. तोंड उघडलं होतं. पण तेव्हाच इस्त्रीसाहेब आले आणि निळं तसंच बघून त्यांची घडी विस्कटली. "हे का राहिलं?" बाई म्हणाली, "हे राहणार." ते म्हणाले, "एक बाजू निळी, एक हिरवी, वर डाग. लोकांना वाटेल आपल्याला धड निगा राखता येत नाही." बाई म्हणाली, "हे मुद्दाम असं केलेलं आहे." ते म्हणाले, "कशावरून?"

यावर ती गप्प झाली. सदतीस वर्षं लोकांना गप्प करणारी बाई, आत्ये. ते खोगीर आता शाळेच्या मालकीचं आहे, तिने निवृत्त होताना सगळं सामान शाळेला देऊन टाकलं होतं. आणि मला ते बघवेना, म्हणून उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "बनवणारी माझी आत्या आहे."

बाईने माझा हात धरला. तो अजून दुखतोय.

साहेब माणूस वाईट नाहीत, नियमाचे आहेत. म्हणाले, "ठीक. बनवणाऱ्याने लेखी द्यावं की हा रंग मुद्दाम असा केलेला आहे. मग ते खास म्हणून भिंतीवर ठेवू. दहा तारखेपर्यंत कागद आला नाही तर तपकिरी."

तेव्हा आता सगळं तुझ्या एका कागदावर आहे. मला माहीत आहे तुला काय वाटेल. पण एकच ओळ लिहायचीय. 'मुद्दाम केलेलं आहे.' खाली सही. हळदीचं आपल्या दोघींत राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईला सांगायचं धाडस आता माझ्यात नाही. ती कालपासून प्रत्येक घोड्याला जाऊन सांगतेय की कारागीर सापडला आणि ती बाई निघाली.

लिही ना गं.

भिंगरी

*

५ मार्च

भिंगरी,

तू मागितलेली ओळ मी चार वेळा लिहिली. अक्षर चांगलं आलं होतं. चारही कागद फाडले. कारागिराने एकदा खोटं लेखी दिलं की त्याच्या प्रत्येक टाक्याकडे लोक संशयाने बघतात आणि सगळ्यात आधी तो स्वतः बघतो. मला अजून पंधरा वर्षं तरी शिवायचंय.

न लिहावं तर ते खोगीर जातं. आणि गंमत बघ, गेल्या महिन्यात मीच ते घालवायला निघाले होते, आता घास उतरत नाही. तुझा बाप म्हणाला, "दे की लिहून, एवढं काय." त्याला म्हटलं, तू आयुष्यात एक तरी गोष्ट केलीयस का जी फिकी पडू शकेल? तो पेपर वाचायला लागला.

सोबत कागद आहे. तो आधी बाईंना वाचून दाखव, मग साहेबांना दे. हाच क्रम. मनाने एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस, तुझी मला खात्री नाही.

आत्या

(सोबतचा कागद)

हे खोगीर मी बनवलं. ते हिरवं केलं होतं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे लक्षात न घेतल्यामुळे ते निळं झालं. म्हणजे हा रंग मुद्दाम केलेला नाही, माझ्या चुकीने झाला. डाव्या पानावरचा तपकिरी डागही मुद्दाम नाही. तो माझ्या भाचीचा आणि माझा, आमच्या घरची दुसरी चूक. शिवण मात्र मुद्दाम आहे. ती छत्तीस वर्षं उसवलेली नाही, ओढून बघावी.

आजवर या खोगिराला जे झालं ते कुणीही जाणूनबुजून केलेलं नाही. आता ते तपकिरी केलं, तर तेवढं एक जाणूनबुजून केलेलं असेल. ते करणाऱ्यानेही खाली सही करावी. जागा सोडली आहे.

*

१० मार्च

आत्ये,

कागद आजच सकाळी पोचला, शेवटच्या दिवशी. टपालवाल्याच्या सायकलमागे मी फाटकापासून धावले.

क्रम पाळला. बाईला दाण्याच्या पेटीवर बसवलं आणि वाचून दाखवलं. 'हळद' आलं तसा माझा आवाज बारीक झाला. ती म्हणाली, "मोठ्याने." मी मोठ्याने वाचलं. मोतद्दार आणि दोन घोडेही ऐकत होते. मी म्हटलं, संपलं, हिचं छत्तीस वर्षांचं मी एका मिनिटात मोडलं.

मग ती म्हणाली, "हळद उन्हाने उडते?"

"हो."

"म्हणजे ऊन लागलं नसतं तर हिरवं राहिलं असतं?"

"राहिलं असतं थोडं."

"अगं कारटे!" आणि तिने कपाळावर हात मारला. "मी ते रोज उन्हात ठेवत होते! मला वाटलं, उन्हाने रंग पिकतो. पावसाळ्यात ऊन नसलं की माझा जीव खालीवर व्हायचा. खिडकी मोठी पाडून घेतली मी त्याच्यासाठी! तुझ्या आत्याने हिरवं दिलं होतं आणि मी, स्वतःच्या हाताने, रोज सकाळी..."

आणि ती हसायला लागली. आत्ये, तू म्हणालीस ना तुला त्या हसण्याची सवय आहे, पण हे हसणं ते नव्हतं. ती स्वतःला हसत होती. मोतद्दाराने पाणी आणून दिलं, तर ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि यालासुद्धा मी सांगत होते, घाई करू नकोस, या खोगिराकडे बघ!" तो लाल झाला. कसली घाई, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे मुद्दाम नाहीच." बाई म्हणाली, "पुढचं वाचा." त्यांनी वाचलं. खाली सोडलेली रिकामी जागा बघितली. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं. मग खोगिराची शिवण चिमटीत धरून ओढून बघितली, चांगली जोर लावून. आणि यादी काढून वीसवर काट मारली, तिथे एकोणीस लिहिलं. जाता जाता मला म्हणाले, "ते पिवळट अजून झालं नाही वाटतं?" मी म्हटलं, "आत्या म्हणते ते मूळचंच तसं आहे." त्यांनी यादी परत उघडली. मग त्यांनी अठरा केलं.

आता नीट ऐक. तू म्हणशील, मी येते, त्या बाईंची माफी मागते, हिरवं दिलं आणि ते टिकलं नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पिशवी भरलीसुद्धा असशील. तर निघू नकोस. शाळा पंधराला उघडतेय आणि सोळाला सकाळच्या गाडीने रिंगणबाई तुझ्याकडे यायला निघतेय. तुझ्या चांगल्या हिरव्या खोगिराची वाट लावली म्हणून तुझी माफी मागायला. मी नको म्हटलं तर काठी उगारली. खोगीर मांडीवर घेऊन येणार आहे, गोणपाटात गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून.

तिला घेऊन मी येतेय. सामान उचलायला आणखी एक जण येतोय. त्याला 'अहो' म्हणायचं की नाही ते तू ठरव.

तू घरीच थांब. दोघी एकाच वेळी माफी मागायला निघालात तर स्टेशनवर चुकामूक होईल, आणि मग मला दोघींना शोधत फिरावं लागेल. मला फिरायचा कंटाळा आलाय. हे वाक्य बाबांना दाखवू नकोस.

भिंगरी